थांबलेला पारा

“बाई, थर्मामीटर बिघडलाय!”

दहावीच्या वर्गात हे वाक्य दरवर्षी कुणी ना कुणी म्हणतंच, आणि मी त्याची वाट बघत असते. टेबलावर चंचुपात्रात बर्फाचे तुकडे, खाली स्पिरिटचा दिवा, स्टँडला अडकवलेला तापमापक. एक जण काचकांडीने ढवळतोय, दुसरी दर अर्ध्या मिनिटाला आकडा सांगतेय, तिसरा तो फळ्यावर लिहितोय. शून्य. शून्य. शून्य. दिवा पेटलेला आहे, बर्फ डोळ्यांदेखत कमी होतोय आणि आकडा हलायला तयार नाही. मग कुणीतरी पुढे येऊन काचेला टिचकी मारतं. शेवटचा तुकडा वितळला की पारा चढू लागतो, वर्गाला हायसं वाटतं, आलेखाची रेघ तिरपी वर जाते. आणि पाणी खळखळून उकळायला लागलं की पुन्हा तेच. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे आमच्याकडे पारा १०० पर्यंत जातच नाही, ९८ च्या आसपास ठाण मांडतो. तिथून पुढे पाणी संपेपर्यंत दिवा जळत राहिला तरी आकडा तोच.

घन, द्रव, वायू हे मुलांना लहानपणापासून पाठ असतं. घनाला आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो, वायू मिळेल तेवढी जागा व्यापतो. ह्यात चुकीचं काही नाही. पण असं शिकवलं की मुलांच्या डोक्यात तीन कप्पे तयार होतात आणि प्रत्येक वस्तू कुठल्यातरी कप्प्यात टाकली की अभ्यास संपतो. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण सगळं नवल एका अवस्थेतून दुसरीत जाताना घडतं, आणि नेमकं तेवढंच घाईत उरकलं जातं. उष्णता दिली की तापमान वाढतं हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की उष्णता आणि तापमान ही एकाच गोष्टीची दोन नावं वाटायला लागतात. तो अडून बसलेला पारा ही समजूत मोडतो. दिवा जळतोय, उष्णता आत जातेय, तापमान वाढत नाही. मग जाते कुठे ती?

घन पदार्थातले रेणू म्हणजे रांगेत उभं राहिलेलं लेझीम पथक. प्रत्येकाचं अंग हलतंय, पण कुणी जागा सोडत नाही. उष्णता देणं म्हणजे चाल वाढवणं. हालचाल जोरात झाली की तापमान वाढलं. पण एक वेळ अशी येते की पुढे दिलेला जोर चाल वाढवण्यात जात नाही, रांग मोडण्यात जातो. ती पूर्ण मोडेपर्यंत चाल तीच. मोडली की गर्दी होते, खांद्याला खांदा लागलेला, पण जो तो सरकायला मोकळा. हा द्रव. आणि ह्या गर्दीतून प्रत्येकाला पार सोडवून मोकळ्या मैदानात न्यायचं, तर कितीतरी जास्त जोर लागतो. एक ग्रॅम बर्फाचं पाणी करायला ८० कॅलरी. तेच पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला १०० कॅलरी. आणि १०० अंशांच्या त्याच पाण्याची १०० अंशांचीच वाफ करायला ५४० कॅलरी. हे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले की वर्गातलं निदान एक तरी डोकं चमकून वर होतं.

हे पहिल्यांदा नीट मोजलं जोसेफ ब्लॅकने, ग्लासगो विद्यापीठात, १७६१ च्या सुमारास. त्याच्या आधीची सर्वसाधारण समजूत अशी की बर्फ वितळायच्या तापमानाला आला की आणखी जराशी उष्णता पुरे, झालं त्याचं पाणी. स्कॉटलंडच्या हिवाळ्यात राहणाऱ्या ब्लॅकला हे पटेना. तसं असतं तर हवा जरा उबदार होताच डोंगरावरचा सगळा बर्फ एकदम पाणी होऊन खाली आला असता, आणि दर वसंतात भयंकर पुराने खोरी धुऊन निघाली असती. प्रत्यक्षात बर्फ उन्हातही आठवडे टिकतो, हळूहळू झिरपतो. म्हणजे तो सतत उष्णता घेतोय, भरपूर घेतोय, आणि तापमापकाला तिचा पत्ता नाही.

मग त्याने जो प्रयोग केला तो मी जमेल तेव्हा सविस्तर सांगते, कारण त्यात महागडं काहीही नाही. काचेचे सारखे दोन गोल चंबू. एकातलं पाणी गोठवलेलं, दुसऱ्यात तेवढंच पाणी गोठणबिंदूच्या (३२ अंश) जेमतेम वर, ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत गार केलेलं. दोन्ही चंबू एका मोठ्या दालनात टांगून ठेवले. पाणी अर्ध्या तासात ३३ वरून ४० वर आलं, म्हणजे ७ अंश चढलं. बर्फाच्या चंबूला त्याच ४० अंशांपर्यंत यायला साडेदहा तास लागले. दालन तेच, हवा तीच, त्यामुळे दोघांनाही दर अर्ध्या तासाला सारखीच उष्णता मिळत होती असं धरायला हरकत नाही. साडेदहा तासांत २१ अर्धे तास. २१ साते १४७. त्यातले ८ अंश वितळून झालेलं पाणी तापण्यात गेले. उरले १३९. एवढे अंश बर्फाने पोटात घातले आणि तापमापकाला कळू दिले नाहीत. आपल्या सेल्सिअसच्या मापात हे ७७ अंश, म्हणजे ग्रॅमला ७७ कॅलरी होतं. आजचा आकडा ८० च्या जवळ आहे. दोन चंबू, एक घड्याळ आणि रात्रभर थांबायची तयारी, एवढ्यावर.

ब्लॅकने हे काम स्वतः कधी छापलं नाही. तो वर्गात शिकवत राहिला. त्याची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली ती १८०३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. त्याच विद्यापीठात उपकरणं बनवण्या-दुरुस्त करण्याचं काम करणाऱ्या जेम्स वॅटला दिसलं की थोड्याशा पाण्याची वाफ तिच्या जवळजवळ सहापट वजनाचं थंड पाणी उकळीला आणते. त्याला हे अजब वाटलं, त्याने ब्लॅकला विचारलं, आणि ब्लॅकने कारण सांगितलं. वाफेच्या इंजिनाला वेगळा संघनक, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणारं वेगळं भांडं, जोडायची वॅटची कल्पना पुढे १७६५ ची. इतिहासाच्या पुस्तकात औद्योगिक क्रांती एका धड्यात असते आणि विज्ञानाच्या पुस्तकात अप्रकट उष्मा, म्हणजे तापमापकाला न कळणारी ही उष्णता, दुसऱ्याच धड्यात. ते एकाच आवारातल्या दोन माणसांचं बोलणं होतं, हे मुलांना दोन्हीकडे कळत नाही.

माझ्या डोक्यात ही गोष्ट बसली ती मात्र ग्लासगोमुळे नाही, लोण्यामुळे. आई लोणी कढवायला ठेवायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. पातेल्यात आधी फेस, मग चटचट, मग चांगला तडतडाट. त्या आवाजात ती निर्धास्त असायची. धुणं वाळत घालायची, भाजी निवडायची. मला फक्त एवढंच सांगितलेलं असायचं, “आवाजाकडे कान दे. थांबला की हाक मार.” आणि खरोखरच, आवाज मंदावला की ती हातातलं टाकून यायची, गॅस बारीक करायची, पातेलं तिरकं करून तळाची बेरी बघायची. ती बदामी रंगावर आली की लगेच पातेलं खाली. त्या वेळी एखादं मिनिट इकडचं तिकडे झालं की बेरी करपलीच, आणि तुपाला तो जळका वास कायमचा राहतो.

लोण्यात पाणी असतं, साधारण सहावा भाग, घरच्या लोण्यात ताक नीट निघालं नसेल तर त्याहून जास्त. तो तडतडाट म्हणजे त्या पाण्याची वाफ. जोवर पाणी शिल्लक आहे तोवर आलेली सगळी उष्णता तेच घेऊन जातं आणि पातेल्यातलं तापमान १०० च्या आसपासच राहतं. अर्धा तास गॅस चालू ठेवला तरी करपायचा प्रश्न नाही. पाणी संपलं की उष्णतेला दुसरं काम उरत नाही, आणि तूप झपाट्याने तापतं, ११०, १२०, पुढे. तळाशी बसलेला दुधाचा अंश आधी बदामी, मग तपकिरी, मग काळा. आईने तापमापक कधी वापरला नाही. पाणी संपल्याचा क्षण तिला कानाने कळायचा, आणि कळायला हवा होता तो तेवढाच.

हेच मोठ्या मापाने बघायला मिळालं ते आजोळी. करवीर तालुक्यातलं गाव, दिवाळी झाली की गुऱ्हाळं सुरू. कोल्हापूरचा गूळ म्हणजे काय हे मी सांगायला नको. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती ह्याच गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ मध्ये ह्या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. आम्हा मुलांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला रस, काकवी आणि गरम गूळ एवढ्याशीच मतलब. पण थंडीत चुलवाणाच्या उबेला बसून तासन् तास काहिलीकडे, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईकडे, बघायला मिळायचं, आणि माझं बघणं तिथे सुरू झालं.

चरकातून आलेला रस काहिलीत पडतो तेव्हा हिरवट-करडा, गढूळ असतो. त्यात पाचातले चार भाग पाणीच. खालून चिपाडांचा जाळ. रस तापायला लागला की त्यात थोडा चुना आणि भेंडीच्या झाडाचा चिकट अर्क घालतात. त्याबरोबर मळी वर येते, ती झाऱ्याने काढत राहायची. मग उकळी. आणि उकळी फुटल्यापासून पुढे तास-दोन तास वरवर बघता काहीच होत नाही. काहील उकळतेय, वाफेचे लोट छपराला लागताहेत, जाळ घालणारा माणूस चिपाडं सारतोय, रसाची पातळी बोट बोट खाली जातेय. लहान मुलाला कंटाळा यावा असा हा काळ. सगळा जाळ खरा खर्च होतो तो ह्याच काळात.

हिशेब करून बघा. हजार लिटर रस घरच्या तापमानावरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ७५ हजार किलोकॅलरी लागतात. त्यातलं ८०० लिटर पाणी उडवायला ४ लाख ३२ हजार. म्हणजे रस तापवायला लागतं त्याच्या जवळजवळ सहापट नुसतं पाणी घालवायला. उसाचं चिपाडच सरपण म्हणून पुरतं, हे ह्या धंद्याचं भाग्य. नाहीतर गूळ करायला रान तोडावं लागलं असतं. गुऱ्हाळाच्या छपरातून वर जाणाऱ्या त्या पांढऱ्या लोटांत जाळाचा मोठा हिस्सा निघून जातो. साखर कारखान्यात ही वाफ वाया घालवत नाहीत. तिथे एका भांड्यातून निघालेली वाफ पुढच्या भांड्यातला रस उकळायला वापरतात, त्याची वाफ त्याच्या पुढच्याला, आणि पुढच्या प्रत्येक भांड्यातला दाब कमी ठेवतात म्हणजे रस कमी तापमानाला उकळतो. एकदा दिलेली उष्णता तीन-चार वेळा राबवून घेतली जाते. वाफेत काय दडलंय हे ज्याला कळलं त्यालाच हे सुचणार.

काहिलीवर मालक कुणीही असो, हुकूम गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराचा. आमच्याकडे येणाऱ्या गुळव्याला सगळी पोरं मामा म्हणायची. ते मधल्या काळात निवांत असायचे. तंबाखू मळायचे, गप्पा मारायचे, आम्हाला काकवीत बुडवलेले उसाचे कांडके द्यायचे. मी एकदा विचारलं की एवढा जाळ आहे तर गूळ जळत कसा नाही? ते म्हणाले, “पानी हाय तवर आग काय करत न्हाई बग, पोरी. पानी सरलं की मग मातर हिकडं-तिकडं बगायचं न्हाई.” हे मी पुढे कितीतरी पाठ्यपुस्तकांत वाचलं, पण ह्याहून थोडक्यात कुणी लिहिलेलं नाही.

शुद्ध पाणी असतं तर पारा शेवटच्या थेंबापर्यंत एकाच जागी राहिला असता. रसात साखर आहे, आणि पाणी कमी होत जाईल तशी ती उरलेल्या पाण्याला धरून ठेवते, सहजासहजी वाफ होऊ देत नाही. म्हणून उकळण्याचं तापमान चढत जातं, पण सुरुवातीला अगदी थोडं. रस निम्म्याहून जास्त आटला तरी पारा १०० च्या दोन-तीन अंशच वर. काकवीला १०५ च्या आसपास. आणि मग शेवटच्या टप्प्यात एकदम धाव: ११०, ११४, ११८. इतका वेळ अंशाअंशाने चालणारी गोष्ट काही मिनिटांत हातातून निसटते. गूळ उतरायचा तो ११६ ते ११८ च्या दरम्यान. जरा आधी उतरला तर बसत नाही, मऊ राहतो, पावसाळ्यात पाझरतो. जरा उशीर झाला तर रंग काळपटतो, चव कडवट होते आणि बाजारात भाव पडतो.

त्या काही मिनिटांत मामांचा चेहरा बदलायचा. बोलणं बंद. फेस आता बारीक बुडबुड्यांचा न राहता मोठ्या, जड, सोनेरी बुडबुड्यांचा झालेला, प्रत्येक बुडबुडा फुटताना ‘फस्स’ असा आवाज. ते लांब दांड्याने थोडा पाक उचलायचे, थंड पाण्याच्या भांड्यात टाकायचे, बोटांनी गोळा करायचे. पहिल्यांदा गोळा होताच विरायचा. पुन्हा. आता गोळी व्हायची पण बोटाला चिकटायची. पुन्हा. आता गोळी वळली, भांड्याच्या कडेवर मारली की टणकन वाजली. “उतरा!” त्याबरोबर चुलीतला जाळ ओढून काढायचा आणि काहील कलती करून सगळा पाक वाफ्यात, म्हणजे गार करायच्या पसरट हौदात, ओतायचा. वाफ्यात तो सतत घोटत राहायचा, म्हणजे गार होता होता त्याचे कण बसायला लागतात आणि चकाकी जाऊन पिवळसर दाणेदार रंग येतो. मग कापड लावलेल्या साच्यांत भरायचा, घट्ट झाला की रवे निघतात. हल्ली बऱ्याच गुऱ्हाळांवर तापमापक असतो आणि तो असावाच; पण पाण्यातली गोळी आणि तापमापक दोघेही एकच गोष्ट सांगतात, की पाणी आता नावापुरतं उरलंय. ओतलेला गूळ घट्ट होताना आपली उष्णता परत देतो, म्हणून वरून जमलेला दिसला तरी आत बराच वेळ चटका देण्याइतका गरम असतो. आम्हाला त्यात बोट घालायची सक्त मनाई होती.

पाण्यासारखा शिस्तीने एका आकड्यावर थांबणारा पदार्थ घरात तसा विरळाच. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं, म्हणून कोकणात बारा महिने ओतता येणारी बाटली पुण्यात डिसेंबरात उन्हात ठेवावी लागते. भिरंडेल, म्हणजे कोकमाचं तेल, त्याच्या उलट. ते उन्हाळ्यातही गोळा होऊन बसतं आणि पायांच्या भेगांत भरायचं तर आधी ऊब द्यावी लागते. साजूक तूप तर ह्या दोन्हींच्या मधलं, त्यातली काही स्निग्धं आधी थिजतात, काही मागाहून, आणि म्हणूनच ते रवाळ होतं. देव्हाऱ्यातला कापूर द्रव न होताच डबीतून उडून जातो. तीन कप्प्यांचा धडा शिकवताना ह्या सगळ्यांना जागा सापडत नाही. मी त्यांना मुद्दाम वर्गात आणते.

पण ह्या विषयाशी माझी खरी तळमळ आहे ती घामासाठी.

आपल्या शरीराला थंड राहायचा उन्हाळ्यातला मोठा मार्ग एकच: घाम यायचा आणि तो वाळायचा. वाळायचा हे महत्त्वाचं. त्वचेवरचा एक लिटर घाम वाफ होऊन गेला तर जाताना साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातो (उकळीपेक्षा कमी तापमानाला वाफ होताना ग्रॅममागे ५४० हून थोडी जास्त उष्णता लागते). निथळून जमिनीवर पडला तर जवळजवळ काहीच नेत नाही. आणि तो वाळणार की निथळणार हे हवेत आधीच किती बाष्प आहे ह्यावर ठरतं. वेधशाळेच्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक शेजारी-शेजारी असतात, एक कोरडा आणि एक ओल्या मलमलीत गुंडाळलेला. ओल्यावरचं पाणी वाळताना उष्णता नेतं म्हणून त्याचा पारा खाली असतो. बातम्यांत आपल्याला कळतो तो कोरडा आकडा. आपलं अंग मात्र ओल्या तापमापकाच्या बाजूचं आहे.

दोन दुपारी घ्या. विदर्भातली, ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. ओला पारा साधारण २४. मुंबई-पनवेलच्या बाजूची, ३६ अंश आणि आर्द्रता ६० टक्के. ओला पारा २९ च्या वर. पहिल्या दुपारी ऊन भाजून काढतं, पण वाळ्याचा पडदा, कूलर, माठ, ओला पंचा ह्या सगळ्यांत जीव असतो, कारण पाणी भराभर उडतं. दुसऱ्या दुपारी कूलर नुसता दमट वारा टाकतो, माठातलं पाणी गार होत नाही आणि अंगावरचा घाम तसाच चिकटून राहतो. मुंबईचा माणूस “आमच्याकडे ३६ च आहे” म्हणतो तेव्हा मला भीती वाटते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ माणसं गेली. तिथला त्या दिवशीचा पारा नागपूर-चंद्रपूरच्या मेमधल्या आकड्यांपुढे फार नव्हता. पण किनाऱ्याजवळची हवा, डोक्यावर छप्पर नाही आणि तासन् तास बसणं. ओला पारा ३५ वर गेला तर निरोगी माणूसही सावलीत, पंख्याखाली, भरपूर पाणी पिऊन काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, कारण घाम वाळतच नाही. धोका त्याच्या बराच आधी सुरू होतो, म्हाताऱ्यांना आणि उन्हात राबणाऱ्यांना तर फारच आधी. माझ्या विद्यार्थ्यांनी दहावीनंतर विज्ञान सोडलं तरी चालेल. पण एप्रिलमध्ये घरच्या मोठ्यांना बाहेर पाठवताना त्यांनी तापमानाबरोबर आर्द्रताही बघावी, एवढं तरी त्या अडून बसलेल्या पाऱ्यातून त्यांच्या हाती लागावं असं मला फार वाटतं.

आणि ह्याच उष्णतेचा सगळ्यात मोठा व्यवहार आपल्या डोक्यावर चालतो, जून ते सप्टेंबर. मे महिन्यात अरबी समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. मोसमी वारे त्यावरून वाहतात तेव्हा लाटा उसळून खालचं गार पाणी वर येतं आणि वरचं पाणी वाफ होऊन जातं. जुलैपर्यंत समुद्र दोन-तीन अंशांनी निवतो. समुद्रातून घेतलेली ती उष्णता वाऱ्यात असते, पण वाऱ्याच्या तापमानात दिसत नाही, ती बाष्पात असते. सह्याद्रीला धडकून हवा वर चढते, गार होते, बाष्पाचे थेंब होतात, आणि थेंब होता क्षणी ती सगळी उष्णता परत हवेत सुटते. त्या उष्णतेने ढगातली हवा हलकी होऊन आणखी वर चढते, खालून नवी दमट हवा ओढून घेते, तिचेही थेंब होतात. मोसमी पाऊस दिवसचे दिवस चालू राहतो त्यामागे ह्या सुटणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा आहे.

किती उष्णता? एका चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर पाऊस पडला तर ते १० हजार टन पाणी झालं. एवढ्या बाष्पाचं पाणी होताना सुटलेली ऊर्जा विजेच्या हिशेबात जवळपास ६८ लाख युनिट भरते. कोयनेचा १९६० मेगावॅटचा प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवला तर एवढी वीज तयार करायला त्याला साडेतीन तास लागतील. आणि हे एका चौरस किलोमीटरवरच्या एका सेंटिमीटरचं. आंबोलीला वर्षाकाठी ७०० सेंटिमीटरच्या वर पाऊस पडतो.

मग एवढी उष्णता सुटत असताना पावसात आपल्याला हुडहुडी का भरते? कारण ती सुटते ढगात, आपल्या डोक्यावर काही किलोमीटर, आणि तिथली हवा तापवण्यात आणि वर ढकलण्यात खर्ची पडते. खाली आपल्यापर्यंत येतं ते उंचावरच्या गार हवेतून आलेलं पाणी, वाटेत थोडं वाळत, वाळताना उष्णता घेत. आणि आपण भिजलो की तेच पाणी आपल्या अंगावरून वाळायला लागतं, दर ग्रॅममागे ५८० कॅलरी घेऊन.